पावणेदोन भागिले अर्धा

पावणेदोनला अर्ध्याने भागले तर उत्तर काय येईल? प्राथमिक शाळेचे शिक्षण पुरे केलेल्या कोणालाही हे उदाहरण सोडवता यावे, अशी अपेक्षा असते. भाजकाचा व्यस्त घ्यावा, गुणाकार करावा, साडेतीन हे उत्तर लिहावे, काम संपले. परंतु याच उदाहरणाला जोडून दुसरा प्रश्न विचारला, की हा भागाकार व्यवहारात जेथे करावा लागेल असा एखादा प्रसंग सांगा, तर पुष्कळांची वाचा बसते. नियम पाठ असतो. तो कशाचा नियम आहे, हे मात्र ठाऊक नसते.

गणिताच्या अध्यापनाविषयी जे तौलनिक संशोधन झाले आहे, त्यातील एका गाजलेल्या अभ्यासात नेमका हाच प्रश्न विद्यार्थ्यांना नव्हे, तर शिक्षकांना विचारण्यात आला होता. लीपिंग मा या चिनी विदुषीने अमेरिकेतील २३ आणि चीनमधील ७२ प्राथमिक शिक्षकांच्या मुलाखतींचा अभ्यास करून १९९९ मध्ये आपले निष्कर्ष ग्रंथरूपाने प्रसिद्ध केले. अमेरिकन शिक्षकांपैकी २१ जणांनी हे उदाहरण करून पाहिले. त्यांपैकी ९ जणांचे उत्तर पूर्णपणे बरोबर आले. चीनमधील ७२ च्या ७२ शिक्षकांनी ते बरोबर सोडवले. व्यवहारातील प्रसंग सांगण्याची वेळ आली तेव्हा अंतर आणखी वाढले. चीनमधील ६५ शिक्षकांनी योग्य प्रसंग रचून दाखवला, काहींनी तर एकाहून अधिक. अमेरिकन शिक्षकांपैकी फक्त एकाला ते साधले. इतरांपैकी अनेकांची गफलत एकाच ठिकाणी झाली होती. 'अर्ध्याने भागणे' आणि 'अर्धे करणे' या दोन क्रिया त्यांना एकच वाटल्या. पावणेदोन पिझ्झा दोन मित्रांत सारखे वाटण्याची गोष्ट ते सांगत. पण तो भागाकार दोनाने झाला, अर्ध्याने नव्हे. पावणेदोन मीटर कापडातून अर्ध्या-अर्ध्या मीटरचे किती तुकडे निघतील, हा खरा प्रश्न होता.

या निष्कर्षातील सर्वांत विचारात पाडणारी गोष्ट वेगळीच आहे. अमेरिकन शिक्षक महाविद्यालयीन पदवी घेतलेले होते. चिनी शिक्षकांचे शिक्षण त्यांच्या मानाने तोकडे होते. नऊ वर्षांची शाळा आणि त्यानंतर अध्यापन विद्यालयातील दोन-तीन वर्षे, एवढेच बहुतेकांच्या पदरी होते. ज्यांनी कमी वर्षे शिक्षण घेतले त्यांना आपला विषय अधिक खोलवर कळला होता. हे कसे घडले, याचा शोध घेतल्यावाचून चिनी आणि पाश्चात्त्य अध्यापनपद्धतींची तुलना सफळ होणार नाही.

रूढ समजूत आणि तिचा उलगडा

या तुलनेविषयी एक समजूत सर्वत्र रूढ आहे. चिनी वर्गात पाठांतर असते, पाश्चात्त्य वर्गात आकलन असते. तेथे शिस्त, येथे स्वातंत्र्य. तेथे घोकंपट्टी, येथे सृजनशीलता. या समजुतीला प्रथम धक्का दिला तो आकड्यांनी. आर्थिक सहकार्य व विकास संघटना, म्हणजेच ओईसीडी, दर तीन वर्षांनी पंधरा वर्षांच्या मुलांची जी 'पिसा' चाचणी घेत आली, तीत शांघाय शहराने २००९ मध्ये प्रथमच भाग घेतला आणि गणितात ६०० गुण मिळवले. संघटनेच्या सदस्य देशांची सरासरी तेव्हा ४९६ होती. २०१२ मध्ये शांघायचे गुण ६१३ झाले. त्याच वर्षी ब्रिटनचे ४९४ आणि अमेरिकेचे ४८१ होते. केवळ पाठांतराचे हे फळ म्हणावे, तर अडचण अशी की पिसाचे प्रश्न पाठांतराचे नसतात. अपरिचित प्रसंगात गणित वापरता येते काय, हेच त्यांत तपासलेले असते.

शिक्षणशास्त्रज्ञांना हे कोडे त्यापूर्वीही पडले होते. वर्गात चाळीस-पन्नास मुले, समोर फळ्यापाशी बोलणारा शिक्षक, परीक्षांचे दडपण, ही सारी लक्षणे पाश्चात्त्य शिक्षणशास्त्राच्या दृष्टीने वाईट अध्यापनाची. त्यांतून चांगले शिकणे निष्पन्न व्हावे कसे? वॉटकिन्स आणि बिग्ज यांनी १९९६ मध्ये संपादित केलेला चिनी विद्यार्थ्यांविषयीचा ग्रंथ या कोड्याभोवतीच रचलेला आहे. त्यातून पुढे आलेला एक मुद्दा मोलाचा आहे. पाश्चात्त्य विचारात पाठांतर आणि आकलन ही एकमेकांची वैरी मानली जातात. चिनी परंपरेत पुन्हा पुन्हा म्हणणे, करणे हाच आकलनाकडे नेणारा मार्ग समजला जातो. गवयाचा रियाज हा त्याच्या समजेचा शत्रू आहे, असे आपणही म्हणत नाही. प्रश्न एवढाच उरतो, की पुनरावृत्ती कशाची आणि कोणत्या क्रमाने करायची.

चिनी वर्गात काय चालते, हे येथे पाहिले पाहिजे. चीनमध्ये अनेक दशके 'दोन मूलाधार' हे गणिताच्या अध्यापनाचे सूत्र राहिले आहे. मूलभूत ज्ञान आणि मूलभूत कौशल्य, हे ते दोन आधार. त्यांच्या जोडीला 'ब्येनशी', म्हणजे बदलत्या उदाहरणांची पद्धत असते. शांघायजवळच्या चिंगपू परगण्यात गू लिंगयुआन यांनी १९७७ पासून वर्गावर्गांतून प्रयोग करून या पद्धतीला शास्त्रीय बैठक दिली. तिचे मर्म एका उदाहरणाने ध्यानी येईल. त्रिकोणाचा शिरोलंब शिकवायचा आहे. पुष्कळ वर्गांत पाया आडवा असलेला एकच सरळ त्रिकोण फळ्यावर काढला जातो आणि वरून खाली लंब टाकला जातो. मुलांच्या मनात 'लंब म्हणजे उभी रेघ' एवढेच ठसते. त्रिकोण तिरपा केला की ती गोंधळतात. चिनी शिक्षक तोच त्रिकोण फिरवून दाखवतो, मग विशालकोन त्रिकोण घेऊन लंब आकृतीबाहेर पडतो हे दाखवतो, मग लंब नसलेली रेघ काढून ती का नव्हे असे विचारतो. दर वेळी एकच गोष्ट बदलते, बाकीचे स्थिर राहते. आणि न बदलणारे ते काय, हे मुलांना शोधावे लागते. बाहेरून पाहणाऱ्याला ही एकाच प्रकारची दहा उदाहरणे वाटतात. वस्तुतः ती दहा पायऱ्यांची एक शिडी असते.

वजाबाकीचेही तसेच. बावन्नातून पंचवीस वजा करताना दोनातून पाच जात नाहीत. मग काय करायचे? अमेरिकन शिक्षकांपैकी बहुतेकांनी 'शेजाऱ्याकडून उसने घेण्याची' भाषा वापरली. चिनी शिक्षकांपैकी बहुसंख्यांची भाषा 'वरच्या स्थानाचा एक सुटा करण्याची' होती. दोन्ही शब्दप्रयोग मराठी शाळेला परिचित आहेत. 'उसना घेणे' आणि 'दशक सुटा करणे' असे आपणही म्हणतो. परंतु दोहोंत मोठा फरक आहे. उसने घेतलेले परत करावे लागते. येथे कोणी काही परत करत नाही. शिवाय त्या भाषेत दोन स्थाने जणू दोन वेगळ्या संख्या ठरतात. दशक सुटा केला म्हणजे दहाची नोट मोडून रुपये घेतले. रक्कम तीच राहिली. एका शब्दात दशमान पद्धतीचे सारे तत्त्व मुलाच्या हाती येते. चिनी शिक्षक वीसच्या आतील वजाबाकीला एवढे महत्त्व का देतात, याचेही कारण हेच आहे. पंधरातून सात घालवताना दहातून सात काढून उरलेले तीन पाचांत मिळवावे, की आधी पाच आणि मग दोन काढावे, की साताला किती मिळवले असता पंधरा होतील हे पाहावे, या तिन्ही रीती तेथे वर्गात मांडल्या जातात आणि त्यांची तुलना होते. पुढची सारी वजाबाकी या पायावर उभी राहते, हे तेथील शिक्षक जाणून असतो.

संख्यांची नावे

चिनी मुलांना आणखी एक सवलत जन्मतः मिळते, ती भाषेची. चिनी भाषेत अकराला 'दहा-एक' आणि एकविसाला 'दोन-दहा-एक' असे म्हणतात. बोलणे आणि लिहिणे यांचा क्रम एकच. इंग्रजीत अकरा-बाराची नावे स्वतंत्र आहेत, आणि तेरा ते एकोणिसात एकक आधी येतो. केव्हिन मिलर व त्यांच्या सहकाऱ्यांनी दोन्ही देशांतील लहान मुलांची गणना तपासली, तेव्हा एक ते दहापर्यंत मुलांत फारसा फरक आढळला नाही. अकरा ते वीस या टप्प्यात अमेरिकन मुले मागे पडू लागली.

हा मुद्दा मराठी वाचकाला परका वाटू नये. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पाठ्यपुस्तकात 'वीस एक, वीस दोन' अशी संख्यावाचनाची रीत आली, तेव्हा केवढे वादळ उठले होते! थट्टा झाली, चर्चा विधानसभेपर्यंत पोहोचली. गणित समितीच्या अध्यक्षा डॉ. मंगला नारळीकर यांनी तेव्हा मांडलेली अडचण मात्र खरी होती. 'पंचवीस' म्हणताना पाच आधी उच्चारायचे आणि लिहिताना दोन आधी लिहायचे. शिवाय 'एकोणचाळीस' म्हणताना चाळिसाचे नाव घेऊन तिसांच्या घरात राहायचे. मोठ्यांना सवयीने हे जाणवत नाही. सहा वर्षांच्या मुलाला जाणवते. त्या वादात भाषेच्या अस्मितेविषयी पुष्कळ बोलले गेले. ते मूल कोठे अडखळते, याविषयी फार थोडे.

अर्थात भाषा हे पुरे स्पष्टीकरण नव्हे. भाषा सुरुवात सुकर करते. पंधराव्या वर्षापर्यंतची मजल तिच्या बळावर मारता येत नाही. आपल्या जुन्या शाळांत पावकी, निमकी, पाउणकी, दिडकी मुखोद्गत करून घेत. पावणेदोन आणि साडेतीन यांसाठी ज्या भाषेत स्वतंत्र शब्द आहेत, त्या भाषेतील मुलांना अपूर्णांक सोपे जावेत असे कोणी म्हणेल. तसा अनुभव येत नाही. शब्द असणे आणि त्याचा अर्थ कोणीतरी उलगडून दाखवणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

शिक्षकाचा वेळ

तेव्हा प्रश्न पुन्हा शिक्षकापाशी येतो. कमी शिकलेल्या चिनी शिक्षकापाशी हे ज्ञान आले कोठून? लीपिंग मा यांचे उत्तर असे, की त्यातील मोठा भाग नोकरीत असताना आला. त्यांचे स्वतःचे आयुष्य याची साक्ष आहे. शांघायमध्ये आठ वर्षे शाळा झाली आणि सांस्कृतिक क्रांतीच्या लाटेत त्यांना दक्षिणेकडील एका दरिद्री खेड्यात पाठवण्यात आले. गावच्या प्रमुखाने त्यांना शाळा चालवण्यास सांगितले. आठवी झालेली ती मुलगी सात वर्षे सर्व इयत्तांना शिकवत राहिली. शिकवता शिकवताच पाठ्यपुस्तकांत दडलेले गणित तिला उमगत गेले.

चीनमधील प्राथमिक शाळांत, विशेषतः शहरांतील, गणिताचा शिक्षक सामान्यतः गणितच शिकवतो. अमेरिका-इंग्लंडमधील प्राथमिक शिक्षक एकाच वर्गाला भाषा, विज्ञान, इतिहास, गणित असे सारे काही शिकवतो. श्रमविभागणीचे तत्त्व अर्थशास्त्राच्या पहिल्या धड्यात येते. चिनी शाळेने ते गणिताच्या तासाला लावले, एवढेच. परंतु विशेषीकरणापेक्षाही महत्त्वाची गोष्ट पुढे आहे. चिनी शिक्षक दिवसाकाठी दोन-तीन तासच घेतो. ओईसीडीच्या २०१३ च्या शिक्षक-सर्वेक्षणानुसार शांघायमधील माध्यमिक शाळेच्या खालच्या वर्गांचे शिक्षक आठवड्याला सुमारे १४ तास प्रत्यक्ष शिकवत होते. सर्वेक्षणातील देशांची सरासरी १९ तासांची होती आणि अमेरिकेतील शिक्षक जवळजवळ २७ तास वर्गात उभे होते. कामाचा एकूण आठवडा मात्र शांघायमध्ये सरासरीहून लहान नव्हता. उरलेल्या वेळात तेथील शिक्षक काय करतो? वह्या त्याच दिवशी तपासतो, मागे पडलेल्या मुलाला त्याच दिवशी बोलावून समजावतो, आणि सहकाऱ्यांसह उद्याच्या पाठाची तयारी करतो.

या शेवटच्या कामासाठी चिनी शाळांत १९५० च्या दशकापासून अध्यापन-संशोधन गट आहेत. सोव्हिएत नमुन्यावरून घेतलेली ही व्यवस्था राजकीय उलथापालथीतून तगली आणि रुजली. एका इयत्तेचे गणिताचे शिक्षक एकत्र बसून पाठ्यपुस्तकाची दोन पाने घेऊन चर्चा करतात. हे उदाहरण आधी का? या आकड्यांच्या जागी दुसरे घेतले तर काय बिघडेल? मुले कोठे चुकतील? एखादा शिक्षक सहकाऱ्यांसमोर पाठ घेतो आणि त्यावर टीका ऐकून घेतो. वीस वर्षे नोकरी केलेल्या शिक्षकाचा अनुभव त्याच्या निवृत्तीबरोबर घरी जात नाही. तो गटात मुरलेला असतो. अर्थशास्त्राच्या परिभाषेत बोलायचे, तर हे ज्ञानभांडवलाचे संचयन आहे. पाश्चात्त्य शाळेत तेच ज्ञान बंद दाराआडच्या एकेका वर्गात निर्माण होते आणि तेथेच लोपते.

याचा परिणाम वर्गात कसा दिसतो, तेही मा यांच्या अभ्यासात आढळते. एखादी विद्यार्थिनी उत्साहाने सांगते, की आकृतीची परिमिती वाढली की क्षेत्रफळही वाढते. चार बाय चारचा चौरस आणि चार बाय आठचा आयत हा तिचा पुरावा. शिक्षकाने काय करावे? अमेरिकन शिक्षकांपैकी बहुतेकांनी एक तर तिचे म्हणणे मान्य केले किंवा पुस्तकात पाहावे लागेल असे सांगितले. अनेक चिनी शिक्षकांनी तेथल्या तेथे विधान तपासायला घेतले, परिमिती वाढूनही क्षेत्रफळ घटते अशी उदाहरणे शोधली, आणि विधान केव्हा खरे व केव्हा खोटे ठरते याच्या अटी मांडल्या. विद्यार्थ्याच्या स्वतंत्र विचाराला वाव देण्याचा आग्रह पाश्चात्त्य शिक्षणशास्त्राचा. पण तो विचार तपासून पाहण्याची ताकद शिक्षकापाशी नसेल, तर त्या वावाचा उपयोग काय?

लंबकाची गती

पश्चिमेने गणिताच्या शिक्षणाची हेळसांड केली असे मात्र म्हणता येणार नाही. उलट, सुधारणांचा अतिरेकच झाला. १९५७ मध्ये रशियाने स्पुटनिक सोडताच अमेरिकेत 'नव्या गणिता'ची लाट आली आणि प्राथमिक वर्गांत संचांची भाषा शिरली. १९७३ मध्ये मॉरिस क्लाइन या गणितज्ञाने तिच्यावर खरमरीत टीका करणारे पुस्तक लिहिले, तोवर 'मूळ गणिताकडे परत चला' ही हाक सुरू झाली होती. १९८९ मध्ये गणित शिक्षकांच्या राष्ट्रीय परिषदेने नवी मानके आणली. शोधून शिकणे, गटचर्चा, गणकयंत्र यांना महत्त्व आले. त्यावरून १९९० च्या दशकात कॅलिफोर्नियात पालक, गणितज्ञ आणि शिक्षणतज्ज्ञ यांच्यात जे रण माजले, त्याला 'गणिताचे युद्ध' असेच नाव पडले. २०१० मध्ये पुन्हा सामाईक मानके आली. लंबक एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे जात राहिला. दर फेरीला पुस्तके बदलली, शब्द बदलले. वर्गातील शिक्षकाला विषय समजून घेण्यासाठी मिळणारा वेळ तेवढाच राहिला. यंत्रे दर दहा वर्षांनी बदलावीत आणि कारागिराला शिकवण्यासाठी दमडी खर्चू नये, अशा कारखान्याचे जे होईल, तेच येथे झाले.

इंग्लंडने मात्र एक वेगळा प्रयोग केला. २०१४ पासून शांघायचे शिक्षक इंग्लंडच्या शाळांत येऊन शिकवू लागले आणि इंग्लंडचे शिक्षक शांघायला जाऊन पाठ पाहू लागले. २०१६ मध्ये तेथील सरकारने ही पद्धत आठ हजार प्राथमिक शाळांपर्यंत नेण्यासाठी चार कोटी दहा लाख पौंडांची तरतूद जाहीर केली. मुलांना बुद्धीनुसार वेगवेगळ्या टेबलांवर बसवून वेगवेगळी उदाहरणे देण्याची तेथील रीत सोडून, सारा वर्ग एका वेळी एकाच पायरीवर नेण्याचा हा प्रयत्न होता. शेफील्ड हॅलम विद्यापीठाने या देवाणघेवाणीचे मूल्यमापन केले, तेव्हा परिणाम संमिश्र आढळले. लहान वर्गांत काही प्रगती दिसली; वरच्या प्राथमिक वर्गांत तसा स्पष्ट पुरावा मिळाला नाही. यात नवल नाही. पाठ, पुस्तके, प्रश्नांची मांडणी ही जहाजातून आणता येते. दुपारी सहकाऱ्यांसह बसून उद्याच्या पाठाचा विचार करण्याची मोकळीक, हा त्या पद्धतीचा कणा. तो वेळापत्रकातच निर्माण करावा लागतो, आणि त्यासाठी अधिक शिक्षक नेमावे लागतात.

चित्राची दुसरी बाजू

चिनी पद्धतीचे गोडवे गाताना तिची किंमतही सांगितली पाहिजे. शांघाय म्हणजे चीन नव्हे. पोटासाठी शहरात आलेल्या खेडूत मजुरांच्या मुलांना 'हुकौ' या निवासनोंदणीच्या बंधनामुळे वरच्या शाळांत प्रवेश मिळणे कठीण असते; पंधराव्या वर्षी त्यांतील अनेक जण शहराच्या शाळांत उरलेलेच नसतात. शांघायच्या गुणांवर ब्रुकिंग्ज संस्थेच्या टॉम लव्हलेस यांनी घेतलेला हा आक्षेप गंभीर आहे. २०१५ मध्ये शांघायबरोबर बीजिंग, जिआंगसू आणि ग्वांगडोंग यांचा समावेश झाला, तेव्हा गणिताचे गुण ५३१ वर आले. ही संख्याही पाश्चात्त्य देशांच्या पुढचीच होती, परंतु पूर्वीची झळाळी तीत नव्हती.

दुसरी किंमत मुलांच्या बालपणाची. 'गाओकाओ' या एका परीक्षेवर आयुष्याची दिशा ठरते, म्हणून खासगी शिकवण्यांचा प्रचंड धंदा उभा राहिला. अखेर जुलै २०२१ मध्ये चीन सरकारला गृहपाठाला मर्यादा घालणारा आणि शालेय विषयांच्या शिकवण्यांतून नफा कमावण्यास बंदी करणारा आदेश काढावा लागला. गुणांचे श्रेय शाळेला किती आणि शिकवणीला किती, हा प्रश्न त्या आदेशानेच उभा केला. तिसरी मर्यादा विषयाच्या गाभ्यातली. जिन्फा त्साय यांनी १९९० च्या दशकात दोन्ही देशांतील सहावीच्या मुलांची तुलना केली. आकडेमोडीत आणि साध्या प्रश्नांत चिनी मुले बरीच पुढे होती. अनेक वाटांनी सुटणाऱ्या मोकळ्या प्रश्नांत ते अंतर दिसले नाही.

चिनी शिक्षणतज्ज्ञांना याची जाणीव आहे. २००१ च्या अभ्यासक्रम-सुधारणेत त्यांनी पश्चिमेकडून शोध, कृती आणि चर्चा या गोष्टी घेतल्या, आणि २०११ मध्ये दोन मूलाधारांचे चार करून त्यांत गणिती विचार आणि कृतीचा अनुभव यांची भर घातली. म्हणजे इंग्लंड शांघायकडे पाहत असताना शांघाय पश्चिमेकडे पाहत होते. दोघेही परस्परांच्या दिशेने चालत आहेत. फरक इतकाच, की नवे काही स्वीकारताना ते वर्गात कसे उतरवावे यावर चर्चा करणारी शिक्षकांची बैठक चीनपाशी आधीपासून होती.

'कच्चा' कोण?

या साऱ्या तुलनेत पणाला काय लागले आहे? हॅरल्ड स्टीव्हन्सन आणि जेम्स स्टिग्लर यांनी १९९२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात अमेरिका, जपान, तैवान आणि चीन येथील मुले, माता आणि शिक्षक यांच्या मतांची नोंद आहे. गणितात मूल मागे का पडते, असे विचारले असता अमेरिकन माता उपजत बुद्धीकडे बोट दाखवण्याकडे अधिक झुकत. आशियाई माता प्रयत्नांवर भर देत. हा फरक वरवर पाहता मतांचा वाटतो. परिणामांच्या दृष्टीने मोठा आहे. बुद्धीच नाही असे एकदा ठरले, की शिक्षकाचे उत्तरदायित्व संपते, पालकांची अपेक्षा संपते, आणि मूलही स्वतःविषयी तोच निर्णय देते. पायरी चुकली असे मानले, तर ती पायरी शोधण्याचे काम शिल्लक राहते.

आपल्याकडे 'गणितात कच्चा' हे विशेषण किती सहज वापरले जाते! तिसरी-चौथीत ते एकदा चिकटले की दहावीपर्यंत सुटत नाही. अभियांत्रिकीपासून बँकेच्या परीक्षेपर्यंत सारे दरवाजे त्या एका शब्दाने बंद होतात, आणि ते बंद होतात प्रायः अशा मुलांसाठी, ज्यांच्या घरी दुसऱ्यांदा समजावून सांगणारे कोणी नसते. २००९ च्या पिसा चाचणीच्या पुढील टप्प्यात हिमाचल प्रदेश आणि तामिळनाडू ही दोन राज्ये सहभागी झाली आणि यादीच्या तळाशी राहिली. त्यानंतरच्या २०१२ ते २०२२ या काळातील चारही फेऱ्यांत भारताने भाग घेतला नाही. आरसा नाकारल्याने चेहरा बदलत नाही.

शांघायची पुस्तके भाषांतरित करून किंवा मुलांना रांगेत बसवून तो बदलणार नाही, हे इंग्लंडच्या अनुभवाने दाखवले आहे. चीनच्या उदाहरणातून घेण्यासारखा धडा साधा आणि खर्चिक आहे. शिक्षकाला कमी तास, एक विषय, आणि सहकाऱ्यांबरोबर बसण्याची वेळ हवी. शिक्षण हक्क कायद्याने २००९ मध्येच शिक्षकांना शिक्षणेतर कामांना जुंपण्यास मनाई केली. दशवार्षिक जनगणना, आपत्तीनिवारण आणि निवडणुका एवढेच अपवाद ठेवले. या अपवादांच्या फटीतून आणि माहितीच्या रकान्यांतून शिक्षकाचा किती वेळ वाहून जातो, हे कोणत्याही जिल्हा परिषदेच्या शाळेतील गुरुजी सांगतील. त्या वेळेची किंमत कोणत्याही अंदाजपत्रकात मांडलेली नसते. ती किंमत अर्ध्याने भागणे म्हणजे काय, हे कधीच न कळलेली मुले चुकवत असतात.